कान राहू द्या, बल्ब आणा

नागपुरात जुनी अँबॅसेडर किंवा फियाट बाळगणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक सल्ला मिळतोच. "अरे, त्या मिस्त्रीकडे ने ना भाऊ, तो कानानं टायमिंग लावते!" सल्ला देणारा हे अशा काही भक्तिभावाने सांगतो की वाटावं, एखाद्या थोर गवयाच्या षड्जाबद्दल बोलणं चाललंय. आजूबाजूचे चार लोक मान डोलावतात. विषय संपतो.

मला या वाक्याचा मनापासून राग येतो. आज शनिवार आहे, वेळ आहे, तेव्हा तो राग जरा सविस्तर काढायचा विचार आहे. चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं दोन ओळींत सांगतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. एक, कानाने टायमिंग लागत नाही. कानाने आयडलिंग लागतं, आणि लोक त्यालाच टायमिंग समजतात. दोन, आतला घासलेला पार्ट तसाच ठेवून लावलेलं टायमिंग, मग ते कानाने लावा नाहीतर लाखाच्या यंत्राने, टिकूच शकत नाही. आणि तिसरं म्हणणंही आहे, खरं तर तेच महत्त्वाचं आहे, पण ते शेवटी.

आधी टायमिंग म्हणजे काय ते बघू. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद उडी मारावी.

पेट्रोल इंजिनात स्पार्क पडला की मिश्रण एका क्षणात फुटत नाही, ते जळत जातं, आणि त्याला काही मिलिसेकंद लागतात. सगळ्यात जास्त दाब पिस्टन वरच्या टोकावरून (मिस्त्रीच्या भाषेत टीडीसी) थोडा खाली यायला लागला की मिळायला हवा. म्हणून स्पार्क पिस्टन वर पोचायच्या आधीच पाडावा लागतो. किती आधी, ते क्रँकच्या अंशांत मोजतात. इंजिन जोरात फिरायला लागलं की तेवढ्याच मिलिसेकंदांत क्रँक जास्त अंश फिरतो, म्हणून स्पार्क आणखी आधी पाडावा लागतो. हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात. शिवाय गाडी हलक्या पायाने चालली असेल तर व्हॅक्यूमचा डबा आणखी थोडं पुढे नेतो. म्हणजे एकूण आगाऊपणा तीन ठिकाणांहून येतो: आपण हाताने लावलेला, वजनांचा आणि व्हॅक्यूमचा. मिस्त्री डिस्ट्रिब्युटर फिरवून फक्त पहिला लावत असतो, पण तो बाकीच्या दोघांच्या बेरजेत जाऊन बसतो. हे विसरायचं नाही.

आता थोडं गणित. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. टायमिंग ५ अंशांनी चुकलं तर वेळेचा फरक पडतो सुमारे ०.२८ मिलिसेकंद. चार सिलिंडरच्या गाडीत या वेगाला सेकंदाला १०० स्पार्क पडतात. या शंभरातला प्रत्येक स्पार्क एका मिलिसेकंदाच्या पाव भागाने आधी पडला की नंतर, हे ज्याला बॉनेटजवळ उभं राहून, फॅनच्या घरघराटात, शेजारी बुधवार बाजाराची गर्दी हॉर्न वाजवत असताना ऐकू येतं, त्याला माझा साष्टांग नमस्कार. तो माणूस मिस्त्री नाही, ऑसिलोस्कोप आहे.

मग कानवाल्याला ऐकू काय येतं? दोन गोष्टी. पहिली, आयडलिंगचा वेग. दुसरी, लोडवर होणारी खडखड, म्हणजे नॉकिंग. यातली दुसरी गोष्ट कामाची आहे, तिच्याकडे नंतर येतो. पण गॅरेजमध्ये, गाडी उभी असताना, तिचा काहीच पत्ता लागत नाही, कारण उभ्या गाडीला लोडच नसतो. राहिला फक्त आयडलिंगचा वेग. मिस्त्री क्लँप ढिला करतो, डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवतो, आवाज वाढत वाढत जातो, सगळ्यात गोड वाटला की किंचित मागे घेतो आणि बोल्ट आवळतो. समोरचा मालक खूष. "बघा साहेब, कशी पाणी चालून राह्यली!"

यातली गोम अशी, की आयडलिंगला सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं असतं, त्यात जळून गेलेला वायू बराच मिसळलेला असतो, आणि ते सावकाश जळतं. त्यामुळे आयडलिंगला इंजिनला पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त आगाऊ स्पार्क आवडतो. तुम्ही पुढे पुढे नेत जाल तसं ते अधिक जोरात फिरत राहणार. कान नेमका याच गोष्टीला बक्षीस देतो. म्हणजे ही पद्धत चुकून नाही, तर नियमाने टायमिंग जास्त पुढे लावते. मग आयडलिंगचा वेग फार वाढला म्हणून कार्ब्युरेटरचा स्क्रू मागे घेतला जातो, पुरावा नाहीसा होतो, आणि गाडी रस्त्यावर आल्यावर वजनांचा आगाऊपणा त्या जास्तीच्या अंशांवर चढतो. सक्करदऱ्याच्या उड्डाणपुलावर टॉप गिअरमध्ये चढताना बॉनेटखालून कुणी खिळ्यांचा डबा हलवतंय असा जो आवाज येतो ना, तो हाच. तो आवाज म्हणजे पिस्टनवर, हेड गॅस्केटवर आणि बेअरिंगवर पडणारे हातोडे. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या हवेत तो आवाज आणखी लवकर सुरू होतो.

यावर मग दुसरी भेट. "खडखड करते का? मागे घेऊन देतो." या वेळी टायमिंग इतकं मागे जातं की गाडीचा पिकअप मरतो, इंजिन तापतं, मिश्रण जळत जळत एक्झॉस्टपर्यंत पोचतं आणि व्हॉल्व्ह भाजून निघतात. तिसरी भेट रेडिएटरवाल्याकडे. (तो पण तापण्याचं कारण शोधणार नाहीच, तो रेडिएटर साफ करून देणार!)

माझ्याकडची गाडी १९७८ ची मार्क थ्री अँबॅसेडर आहे, वडिलांपासून चालत आलेली. इंजिन १४८९ सीसीचं, मूळ इंग्रजी बीएमसीच्या बी सीरीजचं. एका उन्हाळ्यात ही गाडी एका गॅरेजमध्ये टायमिंगसाठी तीनदा गेली. गॅरेजचं नाव सांगत नाही, कारण भांडण त्या एका दुकानाशी नाही. तिन्ही वेळा कानाने लावलं. तिन्ही वेळा दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तीच कथा: कधी खडखड, कधी झटके, कधी सिग्नलला बंद. मी टायमिंग लाइटचा विषय काढला तर मिस्त्री हसून म्हणाले, "साहेब, मशीन कायले पायजे? चाळीस वर्षं झाली, कानानंच लावून राह्यलो." आणि मग सध्याचं ठरलेलं वाक्य: "आता पेट्रोलच खराब येऊन राह्यलं ना!"

पेट्रोलचा हिशोब इथेच करून टाकू, कारण आजकाल प्रत्येक दुखण्याचं खापर इथेनॉलवर फुटतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. २० टक्के इथेनॉल घातलं तर एकूण ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे साध्या पेट्रोलवर १० किलोमीटर देणारी गाडी ९.३ देईल. कार्ब्युरेटरला इथेनॉलमधला ऑक्सिजन मोजता येत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. जेट बदलला नाही तर आणखी थोडं जाईल. रबरी नळ्या आणि फ्युएल पंपाचा डायफ्रॅम हे जुन्या गाड्यांचे खरे प्रश्न आहेत, ते मान्य. पण माझी गाडी १० वरून ७ वर आली होती. ३० टक्के! हे इथेनॉलच्या नावावर खपत नाही. उलट इथेनॉल नॉकिंगला पेट्रोलपेक्षा जास्त विरोध करतं. तेव्हा "खडखड पेट्रोलमुळे" हे म्हणणं तर पार उलटं आहे.

आठवडाभर मी मिहानमध्ये बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रामांतले दोष शोधतो. आमच्या धंद्यात एक प्रकारचा दोष फार छळतो: कधी येतो, कधी नाही, आणि रीस्टार्ट केलं की दोन दिवस गायब. नवखा माणूस रीस्टार्ट करून मोकळा होतो. अनुभवी माणूस विचारतो, की दर वेळी उत्तर वेगळं का येतंय? नेमका हाच प्रश्न टायमिंगबाबत कुणी विचारत नाही. बोल्ट आवळलेला आहे, डिस्ट्रिब्युटर जागचा हललेला नाही, तरी टायमिंग तीन आठवड्यांत बदलतं म्हणजे काय? म्हणजे आत काहीतरी हलतंय.

आणि ते काय हलतंय हे शोधायला काहीही खर्च नाही. १२ व्होल्टचा एक इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी, बस. कृती देतो, करून बघा.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हँडलने हलकं फिरेल. आधी सीबी पॉइंटची गॅप फिलर गेजने लावा, १४ ते १६ थाऊ. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी गॅप, मग टायमिंग. कारण गॅप बदलली की पॉइंट उघडण्याची वेळ बदलते, म्हणजे टायमिंग बदलतंच. (टायमिंग लावून झाल्यावर "जाता जाता पॉइंट घासून देतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीचा हात तिथेच धरावा.) बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या त्या टर्मिनलला लावा जिथे कॉइलची बारीक वायर येते, दुसरी बॉडीला. स्विच ऑन करा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब बंद राहतो, उघडले की पेटतो. स्पार्क पडण्याची वेळ ती हीच.

आता हँडलने इंजिन सरळ दिशेनेच फिरवा. उलट फिरवून मागे आणू नका, नाहीतर चेनचा ढिलेपणा मोजमापात घुसतो. क्रँकच्या पुलीवर एक खाच असते आणि चेन-कव्हरवर काटे असतात. बल्ब पेटला त्या क्षणी खाच कुठे आहे ते बघा. अंश मोजायला पुलीचा घेर शिवणकामाच्या फितीने मोजा, ३६० ने भागा. एक अंश म्हणजे किती मिलिमीटर ते कळेल. कागदाची पट्टी करून चिकटवा. ही झाली एक आणि चार नंबरची गोष्ट. खाचेच्या बरोबर समोर, अर्ध्या फेऱ्यावर, पांढऱ्या रंगाने दुसरी खूण करा, ती तीन आणि दोन नंबरसाठी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. आता चारही सिलिंडरचे अंश लिहून काढा.

चारही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. माझ्या गाडीत सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात मागच्या सिलिंडरमध्ये ७ अंशांचा फरक निघाला. एक नंबर पुस्तकातल्या आकड्याच्या ८ अंश पुढे होता. आता सांगा, कानाने "टायमिंग" लावलं म्हणजे चारपैकी कुठलं लावलं?

मग शेवटची परीक्षा. बल्ब पेटायच्या अगदी कडेवर इंजिन थांबवा आणि रोटर बोटाने बाजूला दाबा. गोल फिरवू नका, फक्त आडवा दाब द्या. बल्ब लागला-विझला तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश संपला. माझा बल्ब दिवाळीच्या माळेसारखा उघडझाप करत होता.

इतकं साधं आहे हे. शाफ्ट बुशात हलतोय, तर त्यावरचा कॅम हलणार, कॅम हलला की पॉइंटची गॅप दर फेऱ्याला बदलणार, आणि गॅप बदलली की टायमिंग. बोल्ट कितीही आवळा. दोष क्लँपमध्ये नव्हताच, आणि तीन वेळा पैसे घेतले गेले ते क्लँप फिरवण्याचे. (चेनचा संशय असेल तर त्याचीही परीक्षा आहे: कॅप काढलेली असताना क्रँक थोडा पुढे-मागे करा आणि रोटर हलायच्या आधी पुली किती अंश रिकामी फिरते ते बघा. बरीच फिरत असेल तर आधी चेन.)

डिस्ट्रिब्युटर काढायला अर्धा तास लागतो. या इंजिनात त्याच्या खालची चावी मध्यापासून किंचित सरकवलेली असते, त्यामुळे तो परत बसतो तो एकाच प्रकारे. भिण्याचं कारण नाही. चावीची पिन ठोकून काढली, शाफ्ट बाहेर आला. लेथवाल्याकडे डायल गेज लावून बघितलं तर शाफ्टला आडवा खेळ ०.२० मिलिमीटर. पॉइंटची गॅपच मुळात ०.३८ मिलिमीटर असते हो! निम्म्याहून जास्त तर बुशानेच खाल्ली होती.

तयार बुश मिळतो तो तेल मुरणाऱ्या दाणेदार ब्राँझचा असतो. तो बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा असतो आणि बसवल्यावर त्याला रीमर मारायचा नसतो, कारण त्याची छिद्रं बुजतात आणि तेल येणं बंद होतं. माझा शाफ्टही थोडा घासलेला होता, त्यामुळे तयार माप चाललं नसतं. लेथवाल्या भाऊंनी शाफ्ट पॉलिश केला, नवीन माप घेतलं आणि फॉस्फर ब्राँझच्या सळईतून त्या मापाचा बुश काढून दिला, तेलासाठी छिद्र पाडून. असा भरीव बुश स्वतःचं तेल स्वतः पुरवत नाही, त्यामुळे रोटर काढून दोन थेंब तेल देण्याचं काम आता माझ्याकडे आहे. ४०० रुपये घेतले. खेळ उरला ०.०३. त्या भाऊंनी एकदाही कानाचा उल्लेख केला नाही. त्यांच्या भिंतीवर मायक्रोमीटर टांगलेला होता.

नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, बल्बने पुस्तकाच्या आकड्यावर टायमिंग. चार सिलिंडरमधला फरक दीड अंशावर आला. नंतर १,८०० रुपयांची टायमिंग लाइट घेतली, व्हॅक्यूमची नळी काढून आयडलिंगला बघितलं, तर आधी धूसर दिसणारी खाच एका जागी खिळ्यासारखी उभी. वेग वाढवला की सावकाश पुढे सरकते, सोडला की परत येते. वजनंही काम करताहेत. उमरेड रोडवर टाकी-टू-टाकी मोजलं: लिटरला ९.१ किलोमीटर. खडखड नाही. तेव्हापासून दोन उन्हाळे गेले, बोल्टला हात लावलेला नाही.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. तिच्यात दम आहे, ते मी नाकारत नाही.

पहिला आक्षेप: पुस्तकातला आकडा १९७० च्या दशकातल्या पेट्रोलसाठी आणि नव्या इंजिनासाठी आहे. आजचं पेट्रोल वेगळं, इंजिन तीनदा बोअर झालेलं, हेड घासलेलं. मग पुस्तकाला चिकटून काय उपयोग? खरं आहे. अगदी खरं आहे. शिसं असलेलं पेट्रोल तर २००० सालीच देशातून गेलं. म्हणूनच रस्त्यावर नेऊन, टॉप गिअरला, लोड देऊन खडखड ऐकावी, आणि एक-दोन अंश पुढे-मागे करावं. इथे कान कामाचा आहे आणि इथे मी चांगल्या मिस्त्रीपुढे हात जोडतो. पण बघा, हे कधी शक्य होतं? मुळात चारही सिलिंडर एका आकड्यावर असतील तेव्हा, आणि सुरुवातीचा आकडा माहीत असेल तेव्हा. "पुस्तकापेक्षा दोन अंश मागे" हे वाक्य बोलायला आधी पुस्तकाच्या आकड्यावर उभं राहता आलं पाहिजे. कान शेवटच्या दोन अंशांसाठी आहे, पहिल्या दहांसाठी नाही.

दुसरा आक्षेप: "पीयूसी पास झाली ना, मग?" पीयूसी आयडलिंगला बघतात. वर सांगितलं त्याप्रमाणे आयडलिंगला जास्त पुढचं टायमिंग गोडच वाटतं. पुलावर चढताना पिस्टनवर काय होतं, ते त्या सर्टिफिकेटला माहीत नसतं.

तिसरा: "पॉइंट फेकून इलेक्ट्रॉनिक टाका, कटकट मिटली." टाका की. मी विरोधात नाही. पण तो सेन्सरही त्याच शाफ्टवर बसतो आणि आगाऊपणा तीच जुनी वजनं देतात. पॉइंटपेक्षा तो शाफ्टचं हलणं जास्त सहन करतो, इतकंच. डुगडुगत्या टेबलावर नवीन कॉम्प्युटर ठेवल्याने टेबल दुरुस्त होत नाही.

चौथा आक्षेप खर्चाचा. "गरीब मिस्त्री कुठून आणणार मशीन?" हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त चीड आणतो, कारण तो मिस्त्रीच्या बाजूचा वाटतो आणि असतो त्याच्या विरुद्ध. टायमिंग लाइट बाजूला ठेवा. बल्ब आणि दोन वायरी ज्या गॅरेजमध्ये नाहीत असं गॅरेज सक्करदऱ्यापासून ताजबागपर्यंत मला दाखवा. प्रश्न पैशाचा नाही, तर मोजलं की गुपित उरत नाही, याचा आहे.

आणि इथे माझं तिसरं म्हणणं येतं.

कानवाले मिस्त्री खोटे होते असं मी म्हणत नाही. त्यांच्यापैकी कित्येकांना खरोखरच गाडी कळत होती. पण ती कशी कळायला लागली ते बघा. एक काळ असा होता की सरकारी कचेऱ्यांपासून टॅक्सीपर्यंत रस्त्यावर अँबॅसेडर आणि फियाट याच गाड्या होत्या. ज्या मिस्त्रीच्या हाताखालून दिवसाला पाच सारखी इंजिनं जातात, त्याला दहा वर्षांत काहीतरी कळणारच. तो कान हजारो गाड्यांनी तयार केलेला होता. आता त्या गाड्या कुठे आहेत? पद्मिनीचं उत्पादन शतक बदलता बदलता थांबलं. उत्तरपाड्याचा अँबॅसेडरचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद पडला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आज गॅरेजमध्ये शिकणाऱ्या पोट्ट्याला महिन्यातून एखादी अशी गाडी दिसते. त्याला तुम्ही सांगणार, "कान तयार कर"? कशावर तयार करू दे? महिन्याला एका गाडीवर त्याचा कान तयार व्हायला एक जन्म पुरायचा नाही!

त्या गॅरेजमध्ये असा एक मुलगा होता, सतरा-अठराचा. पाने देणं, पाणी मारणं, चहा आणणं. तीन वर्षांपासून होता. मी त्याला विचारलं, टायमिंग लावता येतं का? म्हणाला, "नाही, ते उस्तादच लावते. त्याले कान लागते." तीन वर्षं! मी माझ्या अंगणात त्याला बल्बची पद्धत दाखवली तर दुपारच्या जेवणाआधी त्याने चारही सिलिंडरचे आकडे स्वतः काढून कागदावर लिहिले. पहिल्यांदा तीन नंबरचा चुकला, दुसऱ्यांदा बरोबर आला. त्याच्या कानात काही कमी नव्हतं. त्याला कुणी आकडाच दिला नव्हता.

कान ही विद्या म्हणून मिरवणाऱ्यांनी याचा विचार करावा. जी गोष्ट मोजता येते ती शिकवता येते. जी शिकवता येते ती मिस्त्री गेल्यावरही राहते. जिला आपण "दैवी देणगी" म्हणून टाळ्या वाजवतो, ती त्या माणसाबरोबर संपते, आणि हाताखालचा पोट्टा आयुष्यभर पाने देत राहतो. आपण मालक लोकही यात सामील आहोत. "आमच्या मिस्त्रीला मशीन लागत नाही" हे आपण चारचौघांत कौतुकाने सांगतो. आपल्या डॉक्टरबद्दल सांगू का असं? "आमचे डॉक्टर बीपी हात लावून सांगतात, यंत्र लागत नाही"? दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलू.

५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी देण्याचा नियम २०२१ मध्ये आला. त्या नोंदणीवर गाडी रोज चालवता येत नाही. हौशी लोक पॉलिश, क्रोम, मूळ रंगाचा शेड यांवर लाखभर रुपये सहज घालतात. हरकत नाही, दिसायला छान दिसते. पण ४०० रुपयांचा बुश घासलेला असेल तर तुमची ती चकचकीत गाडी प्रत्येक प्रदर्शनाच्या वाटेवर स्वतःलाच ठोकून काढते आहे. वारसा जपायचा तर आधी तो आतून जपा.

मागणी फार मोठी नाही. पुढच्या वेळी टायमिंग लावून घ्याल तेव्हा बिलावर तीन गोष्टी लिहून मागा: पॉइंटची गॅप किती ठेवली, चार सिलिंडरचे अंश किती आले, आणि शाफ्टला खेळ आहे की नाही. मिस्त्री आधी हसेल. मग चिडेल. "साहेब, विश्वास नाही का?" म्हणेल. म्हणा, विश्वास आहे भाऊ, म्हणूनच लिहून मागतो. उद्या तुमच्या पोट्ट्याला पण कामी येईल. आणि लिहून दिलं तर ठरलेल्या पैशांवर शंभर रुपये जास्त द्या. मोजणाऱ्याला न मोजणाऱ्यापेक्षा जास्त पैसे मिळायला लागले, की बघा किती गॅरेजांत रातोरात बल्ब सापडतात.

बाकी ज्यांना अजूनही कानच हवाय त्यांनी खुशाल लावून घ्यावं. फक्त पुलावर चढताना काच खाली करून ऐका, कानानेच.